होम थिएटरचा रिसीव्हर घ्यायचाय? आधी कागद-पेन घ्या

रिसीव्हर म्हणजे टीव्ही, प्लेअर वगैरेंकडून सिग्नल घेऊन स्पीकर वाजवणारा मधला डबा. तो घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो वॅटचा. मीपण तेच केलं होतं. जास्त वॅटवाला उचलून आणला, घरी जोडला आणि मग कळलं की त्या जुन्या मॉडेलवर एआरसी (टीव्हीतला आवाज एचडीएमआय वायरीतूनच उलटा रिसीव्हरकडे आणायची सोय) नाहीच, ऑप्टिकल वायर लावली तर माझा टीव्ही बाहेरून आलेल्या सिग्नलचा फक्त स्टीरिओ सोडतोय, म्हणजे मागचे दोन स्पीकर नुसते शोभेला. रिसीव्हरचा काही दोष नव्हता, तो त्याच्याकडे जे येतंय तेच वाजवत होता, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

म्हणून माझं म्हणणं असं की रिसीव्हर सगळ्यात शेवटी निवडायचा. आधी सिग्नल कुठून निघतो, कुठून कुठून जातो आणि कुठे पोचतो ते बघायचं, मग मधे कोणता डबा लागतो ते आपोआप ठरतं.

पायरी १: नकाशा काढा

खरंच कागद घ्या, मोबाईलवर नको. डावीकडे सगळे सोर्स लिहा: सेट टॉप बॉक्स, स्ट्रीमिंग स्टिक, गेमिंग कन्सोल, ब्लू-रे प्लेअर, लॅपटॉप, जे असेल ते. उजवीकडे स्क्रीन, मुख्य टीव्ही किंवा प्रोजेक्टर आणि दुसऱ्या खोलीत टीव्ही असेल तर तोही. खाली स्पीकर. आता रेघा ओढा आणि प्रत्येक रेघेवर दोन गोष्टी लिहा, अंतर किती मीटर आणि त्यातून जास्तीत जास्त काय जाणार आहे. १०८०पी, ४के ६० की ४के १२० (४के चित्र, सेकंदाला ६० किंवा १२० फ्रेम).

अंतर मोजताना सरळ रेषेत मोजू नका हां. वायर भिंतीच्या कडेने जाते, दारावरून वर चढते, परत खाली येते, त्यामुळे समोरासमोर ४ मीटर दिसणारा प्रोजेक्टर वायरीच्या हिशोबात ११-१२ मीटर निघतो आणि तिथे सगळं गणित बदलतं, ते पुढे येईलच.

पायरी २: टीव्हीच्या मागे टॉर्च मारा

टीव्हीवर चार एचडीएमआय पोर्ट असले तरी चारही सारखे नसतात. एकावर एआरसी किंवा ईएआरसी छापलेलं असतं, टीव्हीतला आवाज रिसीव्हरकडे उलटा पाठवायला तोच एक पोर्ट चालतो, बाकीच्यात वायर खुपसून सेटिंग शोधत बसलात तर रात्र जाईल.

या दोघांतला फरक नीट समजून घ्या कारण अर्धे प्रश्न इथेच सुटतात. एआरसी २००९ च्या एचडीएमआय १.४ बरोबर आलं, त्यातून कॉम्प्रेस केलेला आवाज जातो, डॉल्बी डिजिटल, डॉल्बी डिजिटल प्लस वगैरे. ईएआरसी एचडीएमआय २.१ बरोबर आलं, त्याची रुंदी (सेकंदाला किती डेटा जातो ती) साधारण ३७ एमबीपीएस, त्यामुळे ब्लू-रे डिस्कवरचा ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ, म्हणजे काहीही न गाळलेला आवाज, त्यातून जाऊ शकतो. आता गंमत अशी की स्ट्रीमिंग अ‍ॅपवरचं अ‍ॅटमॉस (डोक्यावरूनही आवाज देणारा डॉल्बीचा प्रकार) बहुतेक वेळा डॉल्बी डिजिटल प्लसमधूनच येतं आणि ते साध्या एआरसीवरूनही जाऊ शकतं. म्हणजे तुम्ही डिस्क लावतच नसाल, सगळं अ‍ॅपवरच बघत असाल, तर ईएआरसी नाही म्हणून चांगला चालू टीव्ही बदलायची काही गरज नाही. डिस्कवाले असाल तर प्लेअर थेट रिसीव्हरला लावा, तिथे एआरसीचा संबंधच येत नाही. आणि हो, काही टीव्ही डीटीएस पुढे पाठवतच नाहीत, ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

ऑप्टिकलवरून फार तर डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस ५.१ जातं, त्याच्या पुढे नाही. जुन्या सेटअपला ठीक आहे, नवीन घेताना त्याच्या भरवशावर राहू नका.

पायरी ३: आकडे वाचायला शिका

५.१.२ मध्ये पहिला आकडा कानाच्या पातळीवरचे स्पीकर, दुसरा सबवूफर (बासचा स्पीकर), तिसरा वरचे म्हणजे छतातले किंवा छताकडे तोंड केलेले. रिसीव्हरवर मात्र ७.२ असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ स्पीकर चालवणारे सात अ‍ॅम्प आणि सबवूफरला दोन आउटपुट, त्यावर तुम्ही ७.१ लावा नाहीतर ५.१.२ लावा. छतात चार हवे असतील तर नऊ अ‍ॅम्प लागतात. एक फसवी ओळ असते, ‘११ चॅनल प्रोसेसिंग’. प्रोसेसिंग अकराचं आणि अ‍ॅम्प नऊच असं असू शकतं, उरलेल्या दोघांसाठी बाहेरून वेगळा अ‍ॅम्प आणावा लागतो.

माझं मत विचाराल तर लहान खोलीत भिंतीला चिकटून सोफा असेल तर ७.१ च्या नादी लागू नका. मागे जागाच नाही तर मागचे स्पीकर कुठे ठेवणार, डोक्यामागे? ५.१ नीट लावा, जमलं तर वर दोन जोडा. आणि बजेट कमी पडत असेल तर कात्री बाकी कुठेही लावा पण मधल्या सेंटर स्पीकरला लावू नका, पिक्चरमधले बहुतेक संवाद तोच बोलतो.

पायरी ४: वॅटचं भूत उतरवा

स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी लिहिलेली असते, समजा ८७ डीबी (डेसिबल, आवाजाचं माप). म्हणजे साधारण १ वॅट दिला तर १ मीटरवर ८७ डीबी. तुम्ही ३ मीटरवर बसता, तिथे येईपर्यंत मोकळ्या जागेच्या हिशोबाने साडेनऊ डीबी कमी होतात, राहिले ७७-७८, खोलीत भिंतींमुळे प्रत्यक्षात थोडे जास्तच. एकाच वॅटवर! आता १० वॅट दिले की १० डीबी वाढतात, १०० दिले की २०. पण ५० चे १०० केले तर? फक्त ३ डीबी. म्हणजे दुप्पट वॅट म्हणून जो फुगवून सांगतात तो फरक कानाला ‘हां, थोडं वाढलं’ एवढाच लागतो. तीच ३ डीबी तुम्हाला ९० सेन्सिटिव्हिटीवाला स्पीकर घेऊन मिळतात, अ‍ॅम्पला हातही न लावता.

त्यात डब्यावरचा मोठा आकडा कसा मोजलाय ते बघा. ‘१ चॅनल, ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन (आवाज बिघडणं)’ असं बारीक अक्षरात असेल तर तो आकडा विसरा. ‘२ चॅनल, ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के’ अशी ओळ शोधा, दोन मॉडेलची तुलना त्या ओळीवर करा. सगळे चॅनल एकदम वाजले की पॉवर सप्लाय सगळ्यांत वाटला जातो, त्यामुळे प्रत्येकी आकडा आणखी खाली येतो, हे सगळ्याच कंपन्यांचं असतं. स्पीकर ४ ओहमचे असतील तर रिसीव्हर ते चालवतो का हे मात्र नक्की बघा, नाहीतर ऐन क्लायमॅक्सला तो प्रोटेक्शन मोडमध्ये जाऊन गप्प बसेल.

पायरी ५: व्हिडिओ रिसीव्हरमधून न्यायचा की टीव्हीतून?

दोन पद्धती आहेत. एक, सगळे सोर्स रिसीव्हरला आणि तिथून एकच वायर टीव्हीला. दुसरी, सगळे सोर्स टीव्हीला आणि टीव्हीतून ईएआरसीने आवाज रिसीव्हरला.

पहिली पद्धत दिसायला सुटसुटीत, पण मग रिसीव्हरमधून जे जाऊ शकत नाही ते टीव्हीला कधीच मिळणार नाही. एचडीएमआय २.० (२०१३) ची रुंदी १८ जीबीपीएस, त्यात ४के ६० बसतं. एचडीएमआय २.१ (२०१७) मध्ये ४८ पर्यंत, ४के १२० ला ते लागतं. पण नुसतं ‘२.१ आहे’ हे ऐकून खूश होऊ नका. त्या नावाखाली बऱ्याच गोष्टी ऐच्छिक आहेत, म्हणून व्हर्जन नंबर न विचारता थेट विचारा: किती पोर्ट ४के १२० घेतात, व्हीआरआर (गेमच्या फ्रेमप्रमाणे स्क्रीनचा वेग बदलणं) आहे का, डॉल्बी व्हिजन (एचडीआरचा, म्हणजे जास्त उजेड-अंधार दाखवणाऱ्या चित्राचा एक प्रकार) पुढे जातं का. काही रिसीव्हरमध्ये सहा इनपुटपैकी फक्त तीनच पूर्ण रुंदीचे असतात आणि हे मागच्या पॅनलवर बारीक अक्षरात असतं. २०२० मध्ये तर पहिल्या पिढीच्या २.१ रिसीव्हरमधल्या एका चिपमुळे एक्सबॉक्स सिरीज एक्स ४के १२० ला लावला की काळा स्क्रीन यायचा, तेव्हा जुनं सेकंडहँड घेत असाल तर त्या काळातल्या मॉडेलबद्दल नीट चौकशी करा.

मी स्वतः आता मिश्र करतो. कन्सोल थेट टीव्हीच्या चांगल्या पोर्टला, बाकी सगळं रिसीव्हरला. अशाने रिसीव्हर जुना झाला तरी पाच-सात वर्षं ओढता येतो, कारण व्हिडिओची शर्यत टीव्ही पळतो आणि रिसीव्हर आवाज सांभाळतो. एक अडचण येऊ शकते. बऱ्याच टीव्हीवर चारपैकी दोनच पोर्ट पूर्ण रुंदीचे असतात आणि त्यातलाच एक ईएआरसीचा असतो, म्हणजे दोन कन्सोल असतील तर तंगी. नकाशावर हे आत्ताच दिसतं, नंतर नाही.

पायरी ६: दुसऱ्या खोलीत तेच दाखवायचंय

आधी स्वतःला विचारा, खरंच तेच दाखवायचंय का? दुसऱ्या टीव्हीवर नुसते अ‍ॅप बघायचे असतील तर तिथे एक स्ट्रीमिंग स्टिक लावा आणि विषय संपवा, भिंती फोडायची काही गरज नाही. एकाच सेट टॉप बॉक्सचं चित्र दोन ठिकाणी हवंय किंवा सगळी उपकरणं एका कपाटात बंद करायचीत तरच पुढचं वाचा.

नावांत लोक फार गोंधळतात. स्विच म्हणजे अनेक सोर्स, एक स्क्रीन. स्प्लिटर म्हणजे एक सोर्स, अनेक स्क्रीन, सगळ्यांवर तेच. मॅट्रिक्स म्हणजे अनेक सोर्स, अनेक स्क्रीन, कुठलंही कुठेही. एक्स्टेंडर म्हणजे लांब नेणारी जोडी, एक डबा या टोकाला एक त्या टोकाला. स्विच समजून स्प्लिटर आणलेले लोक मी पाहिलेत, उलटं लावून चालत नाही म्हणून खराब ठरवतात.

आता स्प्लिटरचा किस्सा. आमच्याकडे नवीन ४के टीव्ही आणि आतल्या खोलीत जुना १०८०पी टीव्ही, मधे एक छोटा स्प्लिटर. लावल्याबरोबर नवीन टीव्हीवरचं चित्र धुरकट, एचडीआरचं चिन्ह गायब आणि रिसीव्हरच्या डिस्प्लेवर अ‍ॅटमॉसच्या जागी नुसतं ‘पीसीएम २.०’, म्हणजे साधा स्टीरिओ. दोन संध्याकाळी वायरी बदलण्यात गेल्या. तिसऱ्या दिवशी सहज आतल्या टीव्हीची वायर काढली आणि सोर्स बंद करून चालू केला, तर सगळं जागेवर! कारण होतं ईडीआयडी. प्रत्येक स्क्रीन सोर्सला सांगतो की मला एवढं एवढं झेपतं. स्प्लिटर दोघांचं ऐकतो आणि दोघांनाही झेपेल तेच सोर्सला सांगतो, म्हणजे वर्गातल्या सगळ्यात मागच्या पोराच्या वेगाने अख्खा वर्ग चालणार. त्या डब्याच्या बाजूला चार इवल्याशा खटक्या होत्या, तिसरी खाली केली की तो जुन्या टीव्हीचं ऐकणं सोडून ४के आणि मल्टिचॅनल असंच सांगायचा. पण मग जुन्या टीव्हीवर काळा स्क्रीन! त्याला ४के झेपतच नव्हतं. शेवटी ज्यात एका आउटपुटवर ४के चं १०८०पी करून देणारा डाउनस्केलर आहे असा स्प्लिटर आणावा लागला. तुम्ही पहिल्यांदाच तसा घ्या, ‘ईडीआयडी मॅनेजमेंट’ आणि ‘आउटपुटवर डाउनस्केल’ हे दोन शब्द माहितीपत्रकात हवेतच.

दुसरा खोडकर प्रकार एचडीसीपी, म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून लावलेलं कुलूप. संरक्षित ४के ला साधारण एचडीसीपी २.२ लागतं, आणि साखळीतला एक जरी डबा जुन्या १.४ वाला असला तरी चित्र १०८०पी वर येतं नाहीतर येतच नाही. इनपुट बदलल्यावर दोन-तीन सेकंद काळं दिसतं ते हे कुलूप उघडतंय म्हणून, त्याला बिघाड समजू नका. डब्यामागे डबा जोडत जाऊ नका, एचडीसीपी २.२ मध्ये अशा मधल्या पातळ्यांना चारची मर्यादा आहे, आणि तेवढ्यापर्यंत जायच्या आधीच हँडशेक (उपकरणांची आपसातली ओळखपाळख) रुसायला लागतो.

मॅट्रिक्स घेणाऱ्यांसाठी एकच गोष्ट पण महत्त्वाची. आवाजाचं काय? मुख्य खोलीला अ‍ॅटमॉस हवं, आतल्या टीव्हीला साधा स्टीरिओ, आणि एकच सोर्स दोघांना एकाच वेळी दोन प्रकारचा आवाज देत नाही. अ‍ॅटमॉस पाठवलंत तर आतला टीव्ही मुका राहू शकतो. म्हणून प्रत्येक आउटपुटला आवाज वेगळा काढून देणारा किंवा स्टीरिओत डाउनमिक्स करणारा मॅट्रिक्स बघा. हे आधी विचारलं नाही तर नंतर प्रत्येक आउटपुटला वेगळा ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर लावत बसावं लागतं, मग परत तेच, डब्यामागे डबा.

पायरी ७: वायर

साधी तांब्याची एचडीएमआय ४के ६० ला ५ मीटरपर्यंत निवांत चालते. पूर्ण ४८ जीबीपीएसला ३ मीटरच्या आसपासच राहिलेलं बरं. ‘अल्ट्रा हाय स्पीड’ हे अधिकृत नाव आहे आणि पाकिटावर स्कॅन करायचं लेबल असतं, ते स्कॅन करा, ‘८के सोन्याचा मुलामा’ असल्या शब्दांना काही अर्थ नाही.

त्याच्या पुढे गेलात की ऑप्टिकल एचडीएमआय, आत काचेचा धागा असलेली. १५-२० मीटर सहज. पण तिला दिशा असते, एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले छापलेलं असतं. भिंतीत घालायच्या आधी जमिनीवर पसरवून चालू करून बघा, हे मी हात जोडून सांगतो, कारण भिंतीत उलटी गेलेली वायर बाहेर काढताना ती पण जाते आणि प्लास्टरपण. कोपऱ्यात करकचून वाकवू नका. ईएआरसी चालवायचं असेल तर ती वायर ते करते का हे वेगळं विचारा, सगळ्या करत नाहीत.

आणखी लांब, किंवा भिंतीत आधीच नेटवर्कची वायर असेल तर एचडीबेसटी. कॅट ६ ची एकच वायर, तिच्यावरून चित्र, आवाज, रिमोटचा सिग्नल आणि वीजसुद्धा जाऊ शकते, म्हणजे त्या टोकाला वेगळा अ‍ॅडॅप्टर लागेलच असं नाही. डब्यावर १०० मीटर किंवा ७० मीटर लिहिलेलं असतं, पण ७० वाल्यात तो आकडा १०८०पी चा असतो, ४के ला तोच ४० च्या आसपास येतो. जुन्या एचडीबेसटीची रुंदी १०.२ जीबीपीएस आहे, त्यामुळे ४के ६० पूर्ण रंगात न्यायला काही डबे मधे कॉम्प्रेशन करतात, पूर्ण १८ कॉम्प्रेशनशिवाय हवं तर एचडीबेसटी ३.० बघा. वायर अस्सल तांब्याची, भरीव तारेची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची नको. आणि ती वायर नेटवर्क स्विचमधून नेऊ नका, दिसायला सारखा जॅक असला तरी हा इंटरनेटचा सिग्नल नाही, डब्यापासून डब्यापर्यंत सलग हवी.

घराचं काम चालू असेल तर वायरपेक्षा रिकामा पाइप टाका आणि त्यात एक दोरी सोडून ठेवा. वायरी बदलत राहणार.

पायरी ८: आता रिसीव्हर, आणि लावणं

नकाशा झाला की यादी छोटी होते. किती अ‍ॅम्प, किती पूर्ण रुंदीचे इनपुट, ईएआरसी, दोन एचडीएमआय आउटपुट हवेत का, पुढे कधी वेगळा अ‍ॅम्प जोडायला प्री-आउट हवेत का. या चाळणीतून दोन-तीन मॉडेल उरली की त्यातला निकाल मी रूम करेक्शनवर (माइकने खोली मोजून आवाज जुळवणारी सोय) लावतो. डेनॉन-मरांट्झमध्ये ऑडिसी असतं, यामाहात वायपीएओ, ओंकियो आणि इतर काहींत डिराक. ३०-४० वॅटच्या फरकापेक्षा खोलीतला घुमणारा बास सरळ होणं मला जास्त मोलाचं वाटतं.

करेक्शनचा माइक सोफ्याच्या पाठीवर टेकवून ठेवू नका, ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला ठेवा. पंखा, एसी बंद. सबवूफरचा आवाज मध्यावर, त्याचा स्वतःचा क्रॉसओव्हर (बास सबवूफरने कुठपर्यंत वाजवायचा ती सीमा) पूर्ण वर. झाल्यावर मेनूत जाऊन बघा, पुढच्या स्पीकरना बरेचदा ‘लार्ज’ करून ठेवलेलं असतं, ते ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झपासून सुरुवात करा. सबवूफरचं अंतर खऱ्यापेक्षा लांब दाखवत असेल तर ते दुरुस्त करायला जाऊ नका, सबवूफरच्या आतल्या सर्किटला लागणारा उशीर त्यात धरलेला असतो.

स्पीकरच्या वायरी लावताना लाल-काळं सगळीकडे सारखं. एक उलटा लागला तर बास पातळ होतो आणि कारण सापडता सापडत नाही. तारेचा एखादा केसासारखा धागा बाजूच्या टर्मिनलला चिकटला की रिसीव्हर बंद, म्हणून टोकं पिळून घ्या किंवा बनाना प्लग लावा. वर मोकळी जागा सोडा, रिसीव्हरवर सेट टॉप बॉक्स ठेवायची सवय मोडा, तो तापतो.

मग एकाच दिवशी सगळं जोडू नका. आधी एक सोर्स, रिसीव्हर, टीव्ही, एवढंच. रिसीव्हरचं इन्फो बटण दाबून आत काय येतंय आणि बाहेर काय जातंय ते वाचा, ४के, एचडीआर, अ‍ॅटमॉस जे अपेक्षित आहे ते तिथे दिसलं की पुढचा सोर्स, मग शेवटी स्प्लिटर आणि आतला टीव्ही. प्रत्येक जोडणीनंतर तेच बटण. जिथे आकडा खाली आला तिथला डबा किंवा वायर दोषी, आणि हे सगळं सामान परत करायची मुदत संपायच्या आत करा, पाकिटं तोवर फेकू नका.